सहा मीटरची गल्ली

आमची गल्ली ५.८ मीटर रुंद आहे. महापालिकेच्या कागदावर ती सहाची. मी तीन ठिकाणी मोजली आहे: तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरपाशी आणि शेवटच्या बंगल्यासमोर. टेपचं एक टोक वॉचमनकाकांनी धरलं होतं, दुसरं मी. ट्रान्सफॉर्मरपाशी तर ती ५.१ भरते, कारण त्याच्या चौथऱ्याने रस्त्यात पाय पसरलेत. हे २०२० च्या जूनमधलं. लॉकडाऊन जरा सैल झाला होता आणि गल्लीत एवढा शुकशुकाट होता की रस्त्याच्या मधोमध उकिडवं बसून आकडे लिहून घेता येत होते. आता तसं करायला गेले तर पहिल्या मिनिटाला हॉर्न वाजेल.

मोजायची वेळ का आली, ते आधी सांगते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरत होती. पुण्यातले ३२३ रस्ते सहा मीटरचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव, हरकती-सूचना मागवल्या आहेत, वगैरे. आमची सोसायटी पर्वतीच्या दक्षिणेला, १९८६ ची. तळमजला अधिक तीन, बारा घरं, लिफ्ट नाही, पार्किंग म्हणजे गेटाच्या आत जमेल तसं. मी तेव्हा सेक्रेटरी होते (अजूनही आहे, कुणी घेत नाही म्हणून). यादीत आमच्या गल्लीचं नाव दिसलं आणि पहिल्यांदा वाटलं, चांगलंच आहे की! रस्ता रुंद होतोय. कुणाला नको आहे रुंद रस्ता?

तळमजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नकाशा उलटा धरला तरी वाचतील असे. ते म्हणाले, "अहो, रस्ता रुंद होत नाहीये. रस्त्याचा आकडा रुंद होतोय."

हे वाक्य कळायला मला आठवडा लागला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही, हा नियम. टीडीआर म्हणजे दुसरीकडे कुणाची जमीन रस्त्याला, बागेला गेली, त्याच्या मोबदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, जो बाजारात विकत घेऊन आपल्या प्लॉटवर चढवता येतो. सहा मीटरच्या गल्लीत तो चढवायचा नाही, कारण तिथे माणसं, गाड्या, पाणी, मैला या सगळ्याला जागाच नाही. नियम बरा होता. पण त्यामुळे आमच्यासारख्या शेकडो जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला बिल्डर उभा राहत नव्हता, हेही खरं. मग नियमाला हात न लावता काय करता येईल? गल्लीलाच नऊ मीटरची म्हणायचं. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर आत रेषा आखायची आणि सांगायचं की ज्याची इमारत नव्याने होईल त्याने तेवढी जागा सोडावी. बाकीच्यांच्या भिंती जिथे आहेत तिथे. रेषा मात्र आजपासून.

विकास आराखड्यातला रस्ता बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं आणि प्रकरण राज्य सरकारपर्यंत जातं. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखायची तर आयुक्तांचा प्रस्ताव आणि स्थायी समितीची मंजुरी, एवढ्यावर भागतं. महापालिकेने हाच दुसरा मार्ग धरला होता. काकांच्या भाषेत, "हा घाटाचा रस्ता नाही, बोगदा आहे."

तर आम्ही हरकत घ्यायची ठरवली. आम्ही म्हणजे काका, मी आणि समोरच्या बंगल्यातल्या आजी. आजींचं घर पानशेत धरणाच्या पुरानंतरचं. १२ जुलै १९६१ ला त्यांच्या माहेरचा वाडा नदीत गेला, तेव्हापासून पाणी या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून सहकारनगर, अरण्येश्वर भागात पाणी घुसलं, पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. आमच्या गल्लीला त्या रात्री फक्त गुडघाभर पाणी होतं, तरी आजी पहाटेपर्यंत गच्चीवर बसून होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इमारतीभोवतीची माती झाकली की पाणी गल्लीत येणार, गल्लीचं ओढ्यात जाणार. "त्यात नऊ मीटरचा काय संबंध ते तू लिही, तुला लिहिता येतं."

मी लिहिलं. सात मुद्दे होते. पहिला, गल्ली प्रत्यक्षात ५.८ मीटर आहे, मोजमाप सोबत. दुसरा, गल्लीत एकवीस प्लॉट आहेत, त्यातले जेमतेम चार-पाच येत्या दहा वर्षांत पाडले जातील. म्हणजे दहा वर्षांनीही रस्ता दात पडलेल्या तोंडासारखा दिसेल, कुठे आत कुठे बाहेर, आणि गाडी जाणार ती सगळ्यात अरुंद जागेतून जाईल तेवढीच. (काकांनी दातांची उपमा खोडायला लावली. अर्जात विनोद नको म्हणाले.) तिसरा, पाण्याची लाइन चार इंची आणि तीही जुनी. चौथा, शेजारच्या घरांचा उजेड आणि वारा. पाचवा, अग्निशमनचा बंब. सहावा आजींचा, पावसाच्या पाण्याचा. सातवा म्हणजे विनंती: आधी रस्ता प्रत्यक्ष रुंद करा, मग त्यावर टीडीआर द्या. क्रम उलटा करू नका.

सह्या मिळाल्या चौदा. एकवीस प्लॉटमध्ये, आमच्या बारा घरांसकट, चौदा. आमच्याच इमारतीतल्या पाच जणांनी सही केली नाही. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा, म्हणजे तसा चाळिशीचा, आयटीतला, गॅलरीतूनच म्हणाला, "काकू, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारताय." मला राग आला होता तेव्हा. म्हटलं, याला गल्लीचं काही पडलेलं नाही.

अर्ज दोन प्रतींत नेला. ही एक गोष्ट कुणालाही सांगण्यासारखी आहे: कितीही ईमेलचा जमाना असो, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्यायचाच. मास्क, दोरी बांधलेली खिडकी, टेबलावर सॅनिटायझरची बाटली साखळीने बांधलेली. खिडकीपलीकडच्या बाईंनी चौदा सह्या पाहून विचारलं, "विरोधात का बाजूने?" मी म्हटलं विरोधात. त्यांनी मान वर करून पाहिलं. "बाजूनेच जास्त येतायत," एवढंच म्हणाल्या आणि शिक्का मारला.

हे मला नवीन होतं. मी समजत होते की हरकत म्हणजे विरोध. २०१३ च्या विकास आराखड्यावर पुणेकरांनी ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना दिल्या होत्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांनीही एक दिली होती, टेकडीवरच्या बांधकामाबद्दल. घरात तो कागद अजून आहे. तेव्हाचं वातावरण शहर विरुद्ध कुणीतरी असं होतं. आता रांगेत माझ्या पुढे उभे असलेले गृहस्थ आपल्या सोसायटीचा ठराव घेऊन आले होते: आमचा रस्ताही यादीत घाला. त्यांची इमारत १९७८ ची. स्लॅबचे तुकडे पडतात, सून गॅलरीत जाऊ देत नाही. मी त्यांना काय सांगणार होते, उजेड-वारा?

सुनावणीचं बोलावणं आलं तेव्हा काका रुग्णालयात होते, म्हणून मी एकटीच गेले. अधिकारी तरुण, सभ्य. माझं सगळं ऐकून घेतलं, मोजमापाचा कागद स्वतः मागून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण रस्ता आधी रुंद करायचा तर भूसंपादन करावं लागेल. पैसे कुठून आणायचे? असं केलं तर जागा फुकट मिळते, हळूहळू मिळते, पण मिळते." मी म्हटलं, आणि तोपर्यंत? त्यांनी खांदे उडवले नाहीत, टोलवाटोलवीही केली नाही. म्हणाले, "तोपर्यंत अडचण होणार." मला तो प्रामाणिकपणा आवडला. सगळं मिळून सहा मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर पुढच्या तीन जणांचे विषय आतल्यासारखेच होते, फक्त उलट्या बाजूचे.

त्या ३२३ रस्त्यांवरून पुढे जे राजकारण झालं, कोण बाजूने, कोण विरोधात, कुणी सगळ्याच रस्त्यांची मागणी केली, त्यात मी शिरत नाही. वर्तमानपत्रांत भरपूर आलं. आमच्यापुरतं सांगायचं तर काका त्या दिवाळीआधी गेले, आणि गल्लीच्या दोन्ही अंगांनी रेषा यायची ती आली.

त्याच डिसेंबरात राज्याची नवी नियमावली आली. मुंबई आणि आणखी काही भाग सोडून सगळ्या महाराष्ट्राला एकच. नाव लांबलचक: एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. लोक यूडीसीपीआर म्हणतात. पूर्वी नुसती 'विकास नियंत्रण नियमावली' असायची. त्यात 'प्रोत्साहन' शिरलं. काका असते तर या एका शब्दावर अर्धा तास बोलले असते. एक मात्र कबूल करायला हवं, पूर्वी प्रत्येक गावाची वेगळी नियमावली, जिन्याची मोजणी वेगळी, बाल्कनीची वेगळी, त्या जंगलात ओळखीपाळखीचंच फावायचं. एकच पुस्तक झालं हे बरंच झालं. पण त्या पुस्तकातला एक तक्ता मला आता पाठ आहे, तो सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पुण्यात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१०. बस्स, प्रीमियम नाही, टीडीआर नाही. नऊ मीटर झाला की मूळ १.१०, पैसे भरून ०.५० प्रीमियम, वर ०.४० टीडीआर, एकूण २.००. रस्ता वाढत जाईल तसा आकडा वाढतो, तीस मीटरला ३.०० पर्यंत. शिवाय राहत्या इमारतीला या सगळ्यावर ६० टक्के 'अ‍ॅन्सिलरी', जिने, बाल्कन्या, लिफ्ट वगैरेंसाठी, तेही पैसे भरून. आमचा प्लॉट साधारण ७०० चौरस मीटरचा. गल्ली सहाची तर १,२३२ चौरस मीटर बांधता येतं. गल्ली नऊची म्हटलं की २,२४०. हजार चौरस मीटरचा फरक, आणि मधे घडलं काय, तर कागदावर एक रेषा सरकली. त्यात जुन्या सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला वेगळा बोनस आहेच: असलेल्या बांधकामाच्या ३० टक्के किंवा घरटी १५ चौरस मीटर, जे जास्त असेल ते.

कोणाला वाटेल की बिल्डरांच्या खिशात सगळं गेलं. तसं नाही. प्रीमियम महापालिकेला जातो, सरकारला जातो. बांधकाम परवानग्यांचं उत्पन्न हा महापालिकेच्या अंदाजपत्रकातला मोठा आकडा असतो. नियम जो पाळायला लावणार, त्यालाच तो नियम सैल झाल्यावर पैसे मिळतात. आणि तिसरा वाटेकरी आम्ही.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या जिन्यावरच्या स्लॅबचा ढपला पडला. पहाटे, दूधवाला येऊन गेल्यावर. कुणाला लागलं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांनी २०२० मध्ये माझ्या अर्जावर सर्वात आधी सही केली होती, त्या म्हणाल्या, "आता पुरे झालं. गुडघ्यांनी तीन मजले चढवत नाहीत." सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणून नोटीस मीच काढली.

पुनर्विकासाचा प्रवास ज्यांनी केला नाही त्यांना थोडक्यात सांगते. सहकार कायद्याच्या ७९-अ खालचे निर्देश असतात, त्याप्रमाणे चालायचं. पूर्वी, २००९ च्या निर्देशांत, तीन-चतुर्थांशांची संमती लागायची. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ती एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आली. म्हणजे बारात सात. सभेचं चित्रीकरण करायचं, बिल्डर निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा माणूस हजर हवा. आधी सल्लागार नेमायचा, त्याला पीएमसी म्हणतात, आणि पुण्यात महापालिकेलाही पीएमसी म्हणतात, त्यामुळे आमच्या इतिवृत्तात दोन ठिकाणी अर्थाचा अनर्थ झालेला आहे. मग व्यवहार्यता अहवाल, निविदा, तुलनात्मक तक्ता, विकसन करारनामा, त्याची नोंदणी. प्रत्येक टप्प्यावर सही. माझ्या सह्या मी मोजल्या नाहीत, पण एका दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बॉलपेन संपलं.

व्यवहार्यता अहवालाची सभा मात्र पूर्ण सांगायला हवी. सल्लागारांनी भिंतीवर पडदा लावला होता. पहिल्या पानावर दोन रकाने: 'रस्ता ६ मीटर' आणि 'रस्ता ९ मीटर'. पहिल्या रकान्यात शेवटच्या ओळीला लिहिलं होतं: सभासदांनी खर्च उचलावा. दुसऱ्या रकान्यात: ५६० चौरस फूट कार्पेटच्या जागी ७२०, प्रत्येकी एक पार्किंग, लिफ्ट दोन, भाडं, शिफ्टिंगचा खर्च, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा हळूच म्हणाला, "काकू, तुमचा अर्ज मंजूर झाला असता तर आपण पहिल्या रकान्यात असतो." टोमणा नव्हता. तो खरंच म्हणत होता. मी इतिवृत्तात लिहिलं: 'अहवालावर साधकबाधक चर्चा झाली.'

मी हात वर केला का? केला. माझ्या घराचं छत बाथरूममध्ये गळतं, मी ६३ वर्षांची आहे, मुलगी म्हणते आई लिफ्ट असलेल्या घरात राहा. दुसऱ्या मार्गाने आमची इमारत कुणी बांधून दिली असती? दुरुस्तीचा अंदाज काढला होता, प्रत्येकी जो आकडा आला तो बारातल्या चौघांनाही परवडत नव्हता. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही, हिशेब म्हणून लिहिते. बारापैकी अकरा हात वर होते. बाराव्या सभासद लंडनला असतात, त्यांची संमती मागाहून आली.

नकाशे आले तेव्हा मी काकांसारखं उलटसुलट धरून वाचायचा प्रयत्न केला. पार्किंगवर सात मजले. बारा घरांची सव्वीस झाली. जुन्या इमारतीला तिन्ही बाजूंनी मोकळी जागा होती, मागे आंबा, कडेला प्राजक्त, त्याच्या खाली आमच्या सगळ्यांच्या मुलांचं क्रिकेट. नव्या नकाशात कडेच्या जागेचं नाव 'साइड मार्जिन'. नियम आहे इमारतीच्या उंचीचा पाचवा हिस्सा. पण आमच्या नकाशात एका बाजूला त्यातही सूट मागितलेली होती. आयुक्तांच्या अधिकारात अशी सूट मिळते, 'हार्डशिप' म्हणतात, तिचंही अधिमूल्य असतं. हार्डशिप कुणाची, असं मी आर्किटेक्टना विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. "प्लॉटची," म्हणाले, "प्लॉटची लांबी-रुंदी अशी आहे ना, त्यामुळे बसत नाही." मग मी म्हटलं, एक मजला कमी केला तर बसेल? ते हसले. एक मजला कमी केला तर माझे ७२० चे ६४० होतात, हे त्यांनी न सांगताही मला माहीत होतं.

सूट मागितलेली बाजू आजींची नव्हे, मागच्या सोसायटीची. आजी समोर, रस्त्यापलीकडे. त्यांच्या वाट्याला फक्त सात मजले.

आंब्यावर नोटीस लागली ती पाहायला मी मुद्दाम गेले होते, तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात गेलो होतो. झाड तोडायचं असेल तर झाडावरच कागद चिकटवतात, सात दिवसांत हरकत घ्या म्हणून. पावसाने शाई जरा ओघळली होती. हरकत घेण्याचा मला अनुभव आहे, शिक्का कुठे मिळतो तेही माहीत. सात दिवस गेले. मी काही केलं नाही. अर्जदार म्हणून खाली सोसायटीचं नाव होतं, आणि सोसायटीतर्फे सही कुणाची असते ते वर सांगितलंच आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात इमारत पाडली. मोडतोड झाल्यावर पहिलं काय दिसलं असेल तर पर्वती. आमच्या मागच्या गॅलरीतून ती कधीकाळी दिसायची, मग कडेच्या इमारती उठल्या आणि दिसेनाशी झाली, ती त्या मोकळ्या खड्ड्यावरून महिनाभर पुन्हा दिसली. मग बेसमेंट खोदलं. जवळजवळ हद्दीपर्यंत. त्या पावसात खड्ड्यात पाणी साठलं ते पंपाने गल्लीत सोडलं, गल्लीतून ते खाली गेलं. आजींचा फोन आला. "बघ, तुला म्हटलं होतं." मी म्हटलं, आजी, ते तात्पुरतं आहे, पंपाचं आहे. "तात्पुरतंच असतं ते सगळं," म्हणाल्या, आणि मग विचारलं, नव्या घरात देवघर कुठे करणार.

बंबाचा मुद्दा माझ्या अर्जात पाचवा होता. बंब आला नाही सुदैवाने, रुग्णवाहिका आली. शेवटच्या बंगल्यातल्या आजोबांसाठी, गेल्या हिवाळ्यात. मी तिथे नव्हते, पण वॉचमनकाकांनी सांगितलं. एका बाजूला आमच्या साइटचा सिमेंटचा मिक्सर, दुसऱ्या बाजूला लावलेल्या चारचाकी. रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली आणि स्ट्रेचर हातावर नेलं. आजोबा बरे आहेत. मिक्सरवाला दहा मिनिटांत निघाला असता, चूक कुणा एकाची नव्हती. गल्ली ५.८ मीटरची होती, एवढंच.

हो, एक सांगायचं राहिलं. रस्त्यासाठी दीड मीटर सोडायचं ते आम्ही सोडलं. इमानदारीत. जुनी कुंपणभिंत पाडली, नवी दीड मीटर आत बांधली. पंचवीस मीटर लांबीची पट्टी, साडेसदतीस चौरस मीटर, कागदोपत्री रीतसर हस्तांतर. परवा जाऊन पुन्हा टेप लावली. वॉचमनकाका आता साइटवर आहेत, त्यांनीच टोक धरलं. आमच्यासमोर गल्ली ७.३ मीटर आहे. आमच्या आधी ५.८, आमच्या नंतर ५.८, ट्रान्सफॉर्मरपाशी ५.१. त्या दीड मीटरच्या पट्टीत दोन चारचाकी आणि पाणीपुरीची गाडी उभी होती. चारचाकींपैकी एक आमच्याच सभासदांची. भाड्याच्या घराला पार्किंग नाही म्हणून रात्रीपुरती आणून लावतात.

इमारतीचा पाचवा स्लॅब पडलाय. ताबा पुढच्या वर्षी म्हणतात. चार इंची लाइन अजून चार इंचीच आहे.

मागच्या आठवड्यात मागच्या सोसायटीतून फोन आला. तिथली एक मुलगी, वकिली शिकते. त्यांच्या शेजारी, म्हणजे आमच्या नव्हे, पलीकडच्या बाजूला, आणखी एक पुनर्विकास सुरू होतोय, तिथेही साइड मार्जिनमध्ये सूट मागितली आहे. तिच्या आईबाबांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्या बाजूला. आमच्या बाजूची खिडकी त्यांनी आधीच बंद करून एसी लावलाय, हे तिने ओघात सांगितलं, मला ऐकवायला नव्हे. तिला कुणीतरी सांगितलं होतं की २०२० मध्ये तुम्ही एक चांगला अर्ज केला होता. "काकू, त्याची फाइल आहे का? मला फक्त मुद्दे कसे मांडायचे ते बघायचंय."

फाइल होती. पाठवली. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, चौथा मुद्दा, उजेड आणि वाऱ्याचा, तसाच्या तसा वापरला तर चालेल का.

मी लिहिलं, वापर. खाली तारीख बदल, आणि दोन प्रती ने, दुसरीवर शिक्का घे.